काळी आणि पांढरी : एका रहस्यकादंबरीच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५

आजपासून नोंदी ठेवायला घेतल्या. काम असं आहे: दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका आडगावात घडणारी रहस्यकादंबरी. गाव काल्पनिक, माणसं काल्पनिक. माती, पिकं, घरं, सण आणि कायदा मात्र खरे हवेत, एवढा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. खेड्यातल्या रहस्यकथा वाचताना मला एक गोष्ट कायम टोचत आली आहे. त्यात खेडं नाटकाच्या पडद्यासारखं मागे टांगलेलं असतं. शहरातून कुणीतरी हुशार माणूस येतो, शोध लावतो, आणि तोच शोध पुण्याच्या एखाद्या फ्लॅटमध्येही तसाच लागला असता. मला असा पुरावा हवा आहे, जो इथल्याच मातीत सापडेल आणि इथल्याच माणसाला वाचता येईल.

सध्या हातात फार काही नाही. माहेरी एकटी राहणारी एक विधवा म्हातारी, सगळ्या गावाची आत्या. आतून कडी लावलेलं तिचं घर. आणि गावची पोलीस पाटील, चाळिशीतली बाई. तिचं नाव रुक्मिणी ठेवलं आहे.

१५ नोव्हेंबर

नान्नजला जाऊन आले. कथा तिथली नाही, पण मोकळं माळरान डोळ्यांत भरून घ्यायचं होतं. १९७९ साली जाहीर झालेलं हे माळढोकाचं अभयारण्य सोलापूरपासून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर आहे. माळढोक दिसला नाही, तो आता दिसणं फार दुर्मीळ. काळविटांचा कळप दिसला. गवत वाळून सोनेरी झालेलं, वारा सुटला की सगळा माळ एका बाजूला लवतो.

आराखड्यात मी लिहून ठेवलं होतं, "निर्जन माळ, कोणी पाहिलं नाही." हे वाक्य आज खोडलं. गाडी रस्त्याच्या कडेला लावून आम्ही उतरलो, त्याला दहा मिनिटंही झाली नसतील. मला तरी क्षितिजापर्यंत माणूस दिसत नव्हता. तेवढ्यात खांद्यावर काठी आडवी टाकलेला एक मेंढपाळ शांतपणे चालत आला आणि म्हणाला, "कुणाकडं आलाव?" त्यानं आमची गाडी मघाच, पार लांबच्या वळणावर पाहिली होती. कुठं थांबली, किती माणसं उतरली, सगळं त्याला ठाऊक होतं.

माळावर लपायला जागाच नसते. शहरात शेजारच्या दारात कोण आलं ते कळत नाही. इथे तीन शेतांपलीकडून चाललेला माणूस चालीवरून ओळखतात. तेव्हा "साक्षीदार नाही" ही या कथेतली अडचण असूच शकत नाही. साक्षीदार पुष्कळ असतील, पण ते बोलणार नाहीत. कारण उद्या त्याच बांधावरून जायचं आहे, त्याच माणसाच्या विहिरीवरून पाणी घ्यायचं आहे.

१९ नोव्हेंबर

उन्हाळ्यातला पहिला आराखडा रद्द. त्यात घटना मे महिन्यात घडते आणि डॉक्टर अंगाच्या थंडपणावरून मृत्यूची वेळ सांगतात. आज न्यायवैद्यकाचं पुस्तक उघडून बसले तेव्हा लक्षात आलं की हे सोलापूरच्या मे महिन्यात चालणारच नाही. जिवंत माणसाचं अंग सदतीस अंश. मेल्यावर ते हळूहळू भोवतालच्या हवेइतकं उतरतं, त्यावरून वेळेचा अंदाज बांधतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४३-४४ वर जातो. हवाच अंगापेक्षा गरम, मग अंग थंड पडणार कसं? शरीर आखडणं आणि पुन्हा सैल होणं हेही उष्म्यात लवकर होतं. पुस्तकातले तास जसेच्या तसे उचलले असते तर सगळी कादंबरीच खोटी ठरली असती.

मग हिवाळा. आणि हिवाळा म्हटल्यावर दुसरा दिवस सुचलाच नाही. येळवस!

वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी अख्खं गाव रानात असतं. बाया टोपली डोक्यावर घेऊन, पोरं, म्हातारी माणसं, पाहुणेरावळे, सगळे शेतात. गावात फिरावं तर दारांना कुलपं आणि सावलीत झोपलेली कुत्री. वर्षातला हा एकच दिवस असा, की रान गजबजलेलं असतं आणि गाव ओस. मी माळावर शोधत होते तो निर्जन प्रदेश म्हणजे येळवसच्या दुपारी बारा वाजता गावातली आळी.

कथेचा दिवस ठरला: ३० डिसेंबर २०२४, त्या वर्षीची येळवस.

२८ नोव्हेंबर

पहिली तीन प्रकरणं ओळखीच्या एका निवृत्त जमादारांना वाचायला दिली होती. आज ते घरी आले. चहा घेईपर्यंत गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, तुमची बाई फार तपास करती. पाटलाला तपास नसतो."

माझी रुक्मिणी लोकांचे जबाब घेत होती, घरातल्या वस्तू पिशवीत भरत होती. काकांनी सरळ सांगितलं: पाटलानं खबर द्यायची, माणसं लांब ठेवायची, आणि ठाण्याचा माणूस येईस्तोवर जागा सोडायची नाही. कशाला हात लावला तर उद्या कोर्टात आरोपीचा वकील तेच धरून बसेल. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ काढून वाचला. काका म्हणाले तेच खरं. गावातल्या संशयास्पद मृत्यूची खबर देणं, पोलिसांना मदत करणं ही पाटलाची कामं. तपास ठाण्याचा.

दिवसभर हिरमुसले होते. संध्याकाळी उलट वाटायला लागलं. ठाणं गावापासून तीस किलोमीटरवर, रस्ता खराब, सणाचा दिवस, फौजदार दुसऱ्या बंदोबस्तावर. खबर दिल्यापासून गाडी येईपर्यंत अडीच तास जातात. त्या अडीच तासांत रुक्मिणी दारात एकटी उभी आहे आणि तिला कशालाही हात लावायची परवानगी नाही. ती फक्त बघू शकते. चौथं प्रकरण मी त्या अडीच तासांचं करणार आहे. कादंबरीतलं सगळ्यात मोठं.

काकांनी आणखी एक दुरुस्ती सांगितली. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, त्यामुळे आकस्मिक मृत्यूची चौकशी आता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली नोंदवत नाहीत, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली नोंदवतात. माझ्या हवालदाराच्या तोंडी "एकशे चौऱ्याहत्तर" होतं. ते तसंच ठेवलं. वीस वर्षं जी सवय जिभेला लागली ती सहा महिन्यांत जात नाही. फक्त पुढच्या ओळीत त्याला स्वतःलाच ते दुरुस्त करायला लावलं.

५ डिसेंबर

घर ठरलं. माळवदाचं, दगडमातीच्या भिंतींचं. तुळया, त्यावर लाकडं, त्यावर मातीचा जाड थर. उजेडाला आणि धुराला वाट म्हणून माळवदाला भोक असतं, ते साणं. पाऊस आला की वर पत्रा किंवा घमेलं पालथं घालतात. एका आळीतली माळवदं एकमेकांना लागून असतात. लहानपणी आम्ही एका टोकाच्या घरावर चढून दुसऱ्या टोकाला उतरायचो, आणि खालून आजी ओरडायची की माती गळती!

तेव्हा आतून कडी लावलेल्या घराचं कोडं आमच्याकडच्या माणसाला कोडं वाटणारच नाही. तो पहिल्यांदा वर बघेल. ठाण्यातून आलेले लोकही वर बघतील. साणं एवढंसं, माणूस उतरायचा तर अंग चोरून उतरावं लागेल, हेही त्यांना दिसेल. प्रश्न "कुठून" हा नाहीच. "कोण" हा आहे.

आणि इथे मला कादंबरीचं नाव सापडलं. आपल्याकडे गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. नुसता शब्द नाही हा, मातीच तशी आहे. माळवदावर जी माती टाकतात ती पांढरी. तिच्यातून पाणी लवकर झिरपत नाही. कोरडी असली की पिठासारखी पायाला लागते. रानातली माती काळी, ओली झाली की चपलेला वहाणेवर वहाण चढवल्यासारखी धरते. येळवसच्या दिवशी सगळ्या गावाच्या पायांना काळी आहे. एकाच माणसाच्या पायाला पांढरीही आहे.

१९ डिसेंबर

आज येळवस. माहेरी गेले होते. हात अजून आंबिलाच्या वासाचे आहेत, पण विसरायच्या आत लिहून ठेवते.

सकाळी नऊलाच घरातली सगळी निघाली. वहिनीच्या डोक्यावर टोपलं: भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीच्या भाकरी, शेंगाची पोळी, खीर. आंबिलाची बिंदगी, म्हणजे छोटी घागर, तिच्या धाकट्या दिराच्या डोक्यावर, कारण ती हिंदकळून चालत नाही. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, केलेली. आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, चुन्यानं रंगवलेले. पूजा झाली, आण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, पिकात नैवेद्याचा चर शिंपला आणि मग पंगत.

कथेच्या कामाच्या दोन गोष्टी हाती लागल्या.

एक म्हणजे ज्वारी. माझ्या आराखड्यात ज्वारी पुरुषभर उंच आहे, तिच्या आडून माणूस रानातून गावात जातो आणि परत येतो. मोकळ्या माळावर हे शक्य नाही, पण डिसेंबर ते फेब्रुवारी ज्वारी उभी असते तेव्हा सगळ्या मुलखाची नजरच बंद होते. शेजारच्या कोपीतली माणसं हसताना ऐकू येतात, दिसत नाहीत. आज मात्र आमच्या रानात ज्वारी जेमतेम कमरेला. आण्णा म्हणाले, "औंदा सप्टेंबरात सीनेनं रान धरून ठेवलं. वापसाच येईना, पेरणी कशी करायची?" सीना नदीच्या यंदाच्या पुरानं या भागातली सगळी गणितं पुढे ढकलली आहेत. मी २०२४ धरलं ते बरं झालं. तेव्हा येळवसही अकरा दिवस उशिरा होती. वेळेवर पेरलेली मालदांडी तोवर कणसात आलेली असते आणि आत शिरलेला माणूस दिसत नाही. पानं हलतात तेवढीच.

दुसरी गोष्ट जेवणाची. येळवसला कुणी एका ठिकाणी जेवून थांबत नाही. ह्या कोपीतून त्या कोपीत बोलावणी असतात. "आमच्याकडं नुसतं आंबिल तर प्या" म्हणून ओढून नेतात. मी स्वतः आज चार ठिकाणी बसले. परत आल्यावर वहिनीनं विचारलं, कुणाकडं किती वेळ होतीस, तर मला धड सांगता आलं नाही. उद्या पोलिसांनी विचारलं तर चारही घरं शपथेवर म्हणतील, "व्हय, आमच्याकडं जेवली की." चौघंही खरं बोलत असतील आणि तरी मधला एक तास कुणाच्याच हिशोबात नसेल. खोटी साक्ष न देता सगळं गाव एका माणसाला वाचवू शकतं. हे मला बसल्या जागी कधीच सुचलं नसतं.

२० डिसेंबर

काल एक लिहायचं राहिलं. हरभऱ्यातून चालताना पाय चुरचुरले. पानांवर आंब असते, सकाळच्या दवात ती जास्त लागते. वहिनी म्हणाली, हरभरा पायाला सांगतो तू कुठून आलास ते. वाक्य वहीत उतरवून घेतलं. पुढे कुणाच्या तोंडी घालायचं ते बघू.

२८ डिसेंबर

आज आण्णांशी फोनवर तासभर बोलले आणि कादंबरीचा कणा मिळाला.

माझा संशयित म्हणतो, जेवण झाल्यावर मी गव्हाला पाणी द्यायला गेलो, दारं धरत होतो. मोटार चालू असल्याचं आसपासच्या सगळ्यांनी ऐकलं आहे. त्या आठवड्यात थ्री फेज लाईट दिवसा होती, म्हणजे तेही बरोबर. मी आण्णांना विचारलं, हा माणूस खोटं बोलतोय हे कसं पकडायचं? ते लगेच म्हणाले, "मोटारीला ऑटो असतोय की. लाईट आली की आपोआप चालू. मोटार चालली म्हंजी माणूस तिथं होता असं कुठाय?"

पण मग पाण्याचं काय? गव्हाचे वाफे असतात. पाटातून आलेलं पाणी एका वाफ्यात सोडायचं, तो भरला की खोऱ्यानं त्याचं तोंड बांधायचं आणि पुढच्याचं मोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. माणूस तिथून हलला की पाणी पुढे सरकत नाही. एकाच वाफ्यात साचत राहतं, बांध फोडतं आणि उताराला जे असेल त्यात शिरतं. आण्णा म्हणाले, "सकाळी रान बघितलं की कळतंय, रात्री कोण झोपलं हुतं ते."

म्हणजे साक्ष रानानंच ठेवली आहे. पहिले सहा वाफे नीट भिजलेले, सातवा फुटलेला, आठव्यापासून पुढे कोरडं. आणि खालच्या शेजाऱ्याच्या हरभऱ्यात पाणी.

ही माहिती वाचकाला कशी द्यायची यावर संध्याकाळ गेली. ठरलं असं: पाचव्या प्रकरणात, मयताच्या दुसऱ्या दिवशी, खालचा शेजारी संशयिताच्या दारात येऊन भांडतो. "तुझं पाणी माझ्या हरभऱ्यात आलं, मर लागली तर कोण भरून देणार?" लोक त्याला गप्प करतात. घरात सुतक आहे आणि हा बांधावरून भांडतो, म्हणून त्याची छी-थू होते. वाचकही म्हणेल, खेड्यात ही भांडणं असायचीच, आणि पान उलटेल. रुक्मिणी उलटणार नाही. ती दुसऱ्या दिवशी त्या बांधावर जाऊन वाफे मोजेल.

गव्हाला ठिबक असती तर सगळंच कोसळलं असतं. म्हणून तिसऱ्या प्रकरणात पाटाचा उल्लेख सहज घालून ठेवला.

३ जानेवारी २०२६

गच्चीवर प्रयोग. माहेरून दोन पिशव्या माती आणली होती, एक काळ्या रानातली, एक पडक्या वाड्याच्या भिंतीखालची पांढरी. जुन्या दोन चपला घेतल्या. पहिली आधी ओल्या काळ्यात बुडवून लगेच पांढऱ्या भुकटीवर चालवली. दुसरी आधी पांढऱ्यावर, मग काळ्या चिखलात. रात्रभर वाळू दिल्या.

सकाळी फरक लख्ख दिसला. पहिलीवर काळ्या खपलीच्या वर पांढरं पीठ चिकटून बसलेलं, पुरणपोळीला कणीक लागावी तसं. नखानं खरवडलं तर खाली स्वच्छ काळं. दुसरीत पांढरं चिखलात मिसळून गेलेलं, कडेला थोडी राखाडी रेघ, बाकी पत्ता नाही. म्हणजे पायाखालच्या मातीला क्रम असतो. "सकाळी माळवदावर माती टाकली आणि मग रानात गेलो" असं जो सांगतो, त्याच्या चपलेवर काळी वर हवी. त्याच्या चपलेवर पांढरी वर आहे.

मग एक अडचण दिसली आणि दुपारचं जेवण गोड लागलं नाही. तो माणूस गावातून परत रानातच गेला, फुटलेलं पाणी आवरायला. पुन्हा चिखल, पुन्हा काळी वर. पुरावा पुसला गेला! आण्णांना फोन केला. ते क्षणभर थांबून म्हणाले, "अगं, पाण्यात चपला घालून कोण उतरतंय? चपला बांधावरच असत्यात." पाण्यातून बाहेर आला, चिखलाचे पाय चपलेत घातले, गावात गेला, माळवद चढला. परत येऊन चपला बांधावर काढल्या आणि अनवाणी वाफ्यात शिरला. चपलेनं क्रम जपून ठेवला.

माळवदावर तो अनवाणी का चढला नाही? कारण म्हातारीनं वाळवणाला शेरडं-मांजरं लागू नयेत म्हणून वर बोराटी, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, पसरून ठेवली होती. बोराटी तिनंच टाकली, हे मला फार आवडलं.

८ जानेवारी

ई-पीक पाहणीचा धागा काढून टाकला. रब्बीची पाहणी त्याच दिवसांत असते, शेतकरी आपल्या शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो, त्यात जागा नोंदली जाते. त्या फोटोत मागे रिकामा बांध दिसतो, असं लिहिलं होतं. दोन वाचकांना ते फार आवडलं. मला नाही. फोटोनं सगळं सुटलं तर वाफे मोजणारी बाई कशासाठी?

१४ जानेवारी

सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. घरात पाहुणे, नंदीध्वज बघायला गर्दी, वही उघडली नाही. काल अक्षता सोहळ्याला मात्र एवढ्या माणसांत उभी असताना रुक्मिणीचं एक वाक्य सुचलं, ते हातावर पेनानं लिहून घरी आणलं.

२४ जानेवारी

हेतू. हा भाग लिहायला मी सगळ्यात जास्त टाळाटाळ केली.

आत्याला का मारलं? जमिनीतला तिचा वाटा. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क मिळाला. महाराष्ट्रानं त्याआधी १९९४ सालीच पाऊल टाकलं होतं, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. कागदावर हे सगळं आहे. गावात त्यावर एक उत्तर आहे: हक्कसोडपत्र. बहिणीला दुय्यम निबंधकाकडे नेतात, सही किंवा अंगठा घेतात, आणि परत येताना साडी-चोळी करतात. सातबाऱ्यावरून तिचं नाव जातं.

कादंबरीतल्या आत्यानं सही केलेली नाही. पुतण्यांनी परस्पर फेरफार धरायचा प्रयत्न केला, नोटीस निघाली, आणि म्हातारीनं पंधरा दिवसांच्या आत हरकत दिली. मुदत संपायच्या आदल्या दिवशी, एकटीनं एस.टी.नं तालुक्याला जाऊन. हरकतीच्या अर्जाची पोच तिनं आंबिलाच्या मडक्याखाली, कापडात गुंडाळून ठेवली आहे. माणसं घर उचकतात ती त्या कागदासाठी, पण पोच हरवली म्हणून हरकत रद्द होत नाही, हे त्यांना माहीत नाही.

माझ्या सख्ख्या आत्यानं सही केली होती. मी तेव्हा कॉलेजात होते. मोतिया रंगाची साडी आणली होती तिला. ती साडी तिनं हातात घेतली, काठावरून बोटं फिरवली आणि पिशवीत ठेवली. त्या घरातल्या कुणीही तिच्यावर जोर केला नाही. कुणी विचारलंही नाही. ज्या आण्णांनी मला वाफे आणि दारं शिकवली, ते त्या दिवशी दारात उभे होते. माझे वडीलही. हे प्रकरण लिहिताना मला त्या दोघांना सोडता येत नाही आणि गुन्हेगारही म्हणता येत नाही. आज चारच पानं झाली. तीन ठेवली.

२ फेब्रुवारी

शेवटच्या प्रकरणाची मोडतोड. आधी सगळ्या गावाला पारावर जमवून रुक्मिणी एकेक धागा उलगडते आणि खुनी फौजदारासमोर कबूल करतो, असं होतं. जमादार काका म्हणाले, "कबूल केलं तर करू द्या. कोर्टात शून्य." पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ तेच सांगतं. त्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग चालतो.

म्हणजे शेवट कबुलीवर टेकवता येणार नाही, वस्तूवर टेकवायला हवा. पारावरची सभा काढली. आता शेवटी फक्त चपला आहेत, त्यांचा पंचनामा आणि पंच म्हणून सही करायला कुणी पुढे येतं का, याची वाट बघत उभी असलेली रुक्मिणी. आधी नोंदलं होतं की गाव बोलणार नाही. मग या पानावर कुणीतरी पुढे यायला हवं. हरभऱ्यावरून भांडलेला शेजारी येतो. त्याला खून सोडवायचा नाही, त्याला फक्त खरं सांगायचं आहे की पाणी कुणाच्या वाफ्यातून आलं.

८ फेब्रुवारी

आत्याकडे गेले होते. ती आता सोलापुरातच मुलाकडे असते, गुडघ्यांमुळे फारशी बाहेर पडत नाही. पहिली दोन प्रकरणं तिला वाचून दाखवली. मनात धाकधूक होती, म्हातारी कुणावरून बेतली आहे ते तिला कळणारच. ती शेंगा सोलत ऐकत होती. मध्ये काही बोलली नाही.

वाचून झाल्यावर तिनं एकच विचारलं. "ती येळवसला घरी का राहिली?"

मी म्हटलं, "लिहिलंय की गं. गुडघे दुखत होते म्हणून."

"गुडघं दुखतंय म्हणून येळवस चुकवती का कुणी? गाडीत घालून नेत्यात म्हाताऱ्या माणसाला." तिनं सुपातली टरफलं एका बाजूला केली. "आन् जिनं सही दिली न्हाय, ती तर पयली जाईल. टोपलं घिऊन. सगळ्यांच्या म्होरं. तिचं रान हाय ते."

मी गप्प बसले. ती पुन्हा शेंगा सोलायला लागली आणि खाली बघूनच म्हणाली, "मी सही केली त्या सालापास्नं माहेरच्या येळवसला गेले न्हाय. कुणी नगं म्हनलं न्हाय मला. पाय उचलला न्हाय."

घरी येऊन पहिल्या प्रकरणातली गुडघ्यांची ओळ खोडली. सगळी कादंबरी त्या एका ओळीवर उभी होती, आणि ती ओळ खोटी होती.

रात्री नव्यानं लिहिलं. सकाळी आठला म्हातारीचं सगळं तयार आहे. भज्जी, उंडे, वर धुतलेलं फडकं बांधलेलं टोपलं उंबऱ्याच्या आत, दाराशी. शेजारी आंबिलाची बिंदगी, काठोकाठ. नऊवारी नेसलेली, पायात वहाणा. रुक्मिणी संध्याकाळी दार तोडलेल्या घरात उभी राहते तेव्हा ते टोपलं तसंच असतं. टोपलं दाराशी ठेवून बसलेली बाई आतून कडी लावत नाही, हे तिला पहिल्या नजरेत कळतं. म्हणजे ती कुणाची तरी वाट बघत होती. "थांब आत्या, गाडी घेऊन येतो," असं तिला आदल्या रात्री कुणीतरी सांगितलं होतं.

कुणी सांगितलं, ते आता पहिल्या पानापासून पुन्हा बघायला हवं. पंचवीसपैकी अकरा प्रकरणं बदलतील. उद्या दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात.